साठवणीचे समाधान

मराठी भाषेतील काही क्रियापदांत पिढ्यान्‌पिढ्यांचे शहाणपण साठलेले आहे. 'मुरणे' हे त्यांपैकी एक. पहिला पाऊस जमिनीत मुरतो, मीठ कैरीत मुरते, विचार मनात मुरतो आणि आयुष्याचे उन्हाळे-पावसाळे सोसलेल्या माणसाला आपण 'मुरलेला माणूस' म्हणतो. या साऱ्या प्रयोगांत एक गोष्ट समान आहे. मुरायला वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात वरून पाहणाऱ्याला काहीच घडताना दिसत नाही. दादरा बांधून फडताळात ठेवलेली लोणच्याची बरणी महिनाभर गप्प उभी असते. तिच्या पोटात मात्र अविरत काम चालू असते.

त्या बरणीत आपल्याच परसात पिकलेले, आपल्याच हातांनी चिरलेले आणि मीठ लावलेले काही असले, तर फडताळाचे दार उघडताना मनाला मोठे समाधान वाटते. ते समाधान नेमके कशाचे असते? चवीचे, काटकसरीचे, की उद्याची सोय झाल्याचे? हा प्रश्न आमच्या मनात बरीच वर्षे मुरत पडला आहे. आज तो वाचकांपुढे ठेवावा, असे वाटते.

आमचा जन्म वसईच्या बागायती पट्ट्यातला. घरामागे वाडी, वाडीत बावखल आणि विहीर. रहाटाची जागा नुकतीच विजेच्या पंपाने घेतली होती. पण पाणी मात्र पूर्वीसारखेच पाटापाटाने केळीच्या आळ्यांत खेळत जाई. शीतकपाट ही वस्तू त्या काळी गावात एखाद्याच घरी असे. त्यामुळे वर्षाचे गणित आजच्यापेक्षा निराळे होते. चैत्र-वैशाख हे आमच्या घरी 'आगोटी'च्या तयारीचे महिने. हा शब्द आजच्या मुलांना समजावून सांगावा लागतो. आगोट म्हणजे पावसाळ्याचे तोंड. मृगाच्या सरी कोसळू लागण्यापूर्वी घरात चार महिन्यांची बेगमी झालीच पाहिजे, असा गृहिणीचा दंडक असे, आणि त्या बेगमीलाही लोक आगोटच म्हणत.

मे महिन्यात आमच्या अंगणात पाऊल ठेवायला जागा नसे. एका खाटेवर मीठ लावलेल्या कैरीच्या फोडी वाळत पडलेल्या. त्यांची आंबोशी व्हायची. सुपात चिंच, तिचे चिंचोके काढून, मीठ लावून गोळे वळायचे. कांद्याच्या वेण्या पडवीच्या वाशाला टांगलेल्या. अर्नाळ्याच्या आणि पाचूबंदरच्या किनाऱ्यावर बांबूंच्या वलांडीवर वाळवलेले बोंबील घेऊन कोळणी दारी येत. सोबत जवळा असे, सोडे असत. पावसाळ्यात समुद्र खवळला, होड्या किनाऱ्याला लागल्या की, हीच सुकी मासळी घर तारून नेई. आजही पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते आणि ती सुकी मासळी आजही तितक्याच निष्ठेने कामाला येते.

या साऱ्या उद्योगात मुलांकडे एक जबाबदारीचे काम असे, ते म्हणजे कावळे हाकणे. हातात लांब काठी, तिच्या टोकाला काळे फडके आणि डोक्यावर वैशाखाचे ऊन. त्या कामाला मोबदला नव्हता. पण आंबोशीची एखादी फोड गुपचूप तोंडात टाकण्याची मुभा होती. खाटेवरच्या फोडी दिवसागणिक आक्रसत जाताना आम्ही पाहत असू. ऊन आणि मीठ मिळून काय घडवतात, याचे आमचे पहिले शिक्षण त्या खाटेपाशी झाले.

आमच्या समाजात या साठवणीचे आणखी दोन विशेष प्रकार आहेत. पहिला प्रकार बाटली मसाल्याचा. वसईपासून वांद्र्यापर्यंतच्या ईस्ट इंडियन घरांत हा मसाला उन्हाळ्यात कुटला जातो. मिरच्या उन्हात कडक वाळवायच्या; हळद, धणे, तीळ, खसखस, गहू, चणाडाळ आणि गरम मसाल्याचे जिन्नस वेगवेगळे भाजायचे; मग उखळात कांडायचे. त्यासाठी मुसळे घेऊन दारोदार फिरणाऱ्या बायका असत. त्यांच्या मुसळांचा एका लयीतला आवाज आणि दोन आळ्यांपलीकडच्या माणसालाही शिंक आणणारा तो खकाणा, हीच आमच्याकडची ग्रीष्माची वर्दी. तयार मसाला गडद रंगाच्या, बिअरच्या रिकाम्या बाटल्यांत काठीने ठासून भरायचा आणि बूच घट्ट बसवायचे. यातले शास्त्र सरळ आहे. गडद काचेमुळे उजेड अडतो आणि ठासून भरल्यामुळे आत हवेला जागा उरत नाही. रंग आणि वास उडवून नेणारे दोन्ही शत्रू दाराबाहेर राहतात. हे तंत्र आमच्या आज्यांना कोणत्याही विद्यापीठाने शिकवले नव्हते.

दुसरा प्रकार म्हणजे सुकेळी. सुकेळ्यांविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे. कारण वसईच्या वाडीने जगाला दिलेला तो खास मेवा आहे. वसई तालुक्यातील आगाशीची सुकेळी एके काळी इतकी नावाजलेली होती की, इंग्रजी अमदानीतील गॅझेटिअरकारांनीही त्यांची नोंद घेतली. केळीच्या जाती अनेक. वसईत बसराई होती, मुठेळी होती, तांबडी केळी होती. सुकेळ्यांना मात्र राजेळीच लागते. तिचा गर घट्ट असतो; उन्हात तो ओघळत नाही, आक्रसून गोड होतो.

पाऊस सरला, हवा कोरडी झाली की सुकेळ्यांचा हंगाम सुरू होई. तयार झालेले लोंगर कापून आणायचे, गवत-पेंढ्यात दडपून पिकवायचे. केळे फार पिकले तर लिबलिबीत होते, कमी पिकले तर सुकल्यावर तुरट लागते. तो नेमका दिवस ओळखण्याची नजर घरातल्या एखाद्याच बाईला असे, आणि त्या दिवशी तिचा शब्द घरधन्यालाही मोडता येत नसे. मग साल काढून अखंड केळी कामट्यांच्या मांडवावर उन्हात पसरायची. खालून वारा, वरून ऊन. दिवसातून उलटापालट करायची. दिवस कलला की दव पडण्यापूर्वी सगळी गोळा करून झाकून ठेवायची आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा उन्हात घालायची. असे आठवडाभर चाले. पहिल्या दिवशीचा फिकट रंग हळूहळू मधासारखा होत जाई आणि केळ्याच्या अंगातूनच पाक सुटल्यासारखा वाटे. शेवटी केळीच्याच वाळल्या पानांत गुंडाळून, केळीच्याच सोपटाने आवळून पुडे बांधायचे. त्यात वरून ना साखर घातलेली, ना मीठ, ना आणखी काही. त्याच वाडीचे फळ, त्याच झाडाचे वेष्टन आणि आभाळातले ऊन.

लोंगरभर केळ्यांतून हाती येणारे पुडे पाहिले की हिशेबी माणूस निराश होई. पिकल्या केळ्यात निम्म्याहून अधिक पाणीच असते. ते उन्हाने नेले की वजन कितीसे उरणार? पण मुंबईला नोकरी करणाऱ्या काकांकडे, आजोळी, बाळंतिणीच्या घरी हेच पुडे जात. घरात उरत ते चार-दोनच. ही गोष्ट लहानपणी आम्हांला फार खटकत असे. इतके दिवस राखण करायची आम्ही, आणि खायचे दुसऱ्यांनी!

या पारंपरिक विद्येत बाहेरून आलेल्यांचीही भर पडली आहे. १५३४ सालच्या तहाने वसई पोर्तुगिजांकडे गेली आणि १७३९ साली चिमाजी आप्पांनी ती जिंकून घेतली. मधल्या दोन शतकांत अमेरिका खंडातील कितीतरी वस्तू पोर्तुगीज जहाजांतून या किनाऱ्यावर उतरल्या. आज जिच्यावाचून लोणच्याची कल्पनाही करवत नाही ती मिरची त्यांतलीच, आणि पेरूही त्यांतलाच. नाताळात गोव्यातील घरांत जी पेराद होते, ईस्ट इंडियन घरांत जिला ग्वावा चीज म्हणतात, ती पेरूचा गर साखरेत आटवून केलेली वडी म्हणजे परदेशी फळ आणि परदेशी रीत यांचे पूर्ण स्वदेशीकरण होय. व्हिनेगरमध्ये मासळी वा मांस मुरवून टिकवण्याची पद्धतही याच संबंधातून आपल्या स्वयंपाकघरात रुळली. पलीकडे आपला 'मुरंबा' अरबी 'मुरब्बा'वरून आला. त्या शब्दाच्या मुळाशी वाढवणे, संगोपन करणे असा अर्थ आहे. आपण 'मुरब्बी' हा शब्द वापरतो तोही त्याच कुळातला. फळाचा मुरंबा करणे म्हणजे त्याला नीट वळण लावून वाढवणेच की!

आईला एखाद्या कृतीचे कारण विचारले की ती म्हणे, "मीठ कमी पडलं तर नासतं, एवढं लक्षात ठेव. पुढचं तुझ्या पुस्तकात बघ." पुस्तकांत बघण्याचा योग पुढे आला. गोरेगावच्या सेमिनरीत लॅटिनचे धडे गिरवताना 'कॉन्सेर्वारे' हे क्रियापद भेटले. राखणे, सांभाळणे, अबाधित ठेवणे असे त्याचे अर्थ. पोर्तुगीज 'कॉन्सेर्वा' म्हणजे टिकवलेला पदार्थ, तो याच धातूतून आला. तेव्हापासून या विषयावर जे हाती लागेल ते वाचण्याची आवड जडली.

डबाबंद आणि बाटलीबंद अन्नाचा जनक म्हणून ज्याचे नाव घेतले जाते तो निकोला आपेर हा शास्त्रज्ञ नव्हता. तो पॅरिसमधला मिठाईवाला होता. त्याने वर्षानुवर्षे प्रयोग केले. जाड काचेच्या बाटल्यांत भाज्या, फळे, रस्सा भरायचा, बुचे तारेने आवळायची आणि त्या बाटल्या उकळत्या पाण्यात ठेवायच्या. अन्न टिकले. १८१० साली फ्रेंच सरकारने त्याला १२,००० फ्रँकचे पारितोषिक दिले; अट एकच, त्याने आपली पद्धत पुस्तकरूपाने सर्वांना खुली करावी. त्याने ती केली. अन्न का टिकते हे मात्र त्यालाही ठाऊक नव्हते. त्याचे उत्तर पुढे १८६० च्या दशकात लुई पाश्चरच्या संशोधनातून मिळाले: डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्मजीव अन्न नासवतात, उष्णतेने ते मरतात आणि झाकण घट्ट असेल तर नवे आत शिरत नाहीत.

आमच्या आजीच्या साऱ्या कृती या एका सूत्रात बसवता येतात. सूक्ष्मजीवाला जगण्यासाठी पाणी हवे. मीठ, साखर आणि ऊन ते पाणी त्याच्यापासून हिरावून घेतात. म्हणून जॅममध्ये साखरेचे प्रमाण ६५ ते ६८ टक्क्यांवर न्यावे लागते. लिंबाचा, कैरीचा, व्हिनेगरचा आंबटपणा त्याला सोसवत नाही. लोणच्यावर बोटभर तेल उभे असले की बुरशीला लागणारी हवा आत पोचत नाही. बरणीत ओला चमचा घालणाऱ्या मुलाच्या पाठीत धपाटा का बसे, तेही यावरून उमगते.

या शास्त्रात एक इशाराही आहे, आणि तो सांगितल्यावाचून पुढे जाणे आम्हांला उचित वाटत नाही. लॅटिनमध्ये 'बोटुलुस' म्हणजे मांस भरलेले सॉसेज. त्यावरून 'बोट्युलिझम' या जीवघेण्या विषबाधेला नाव मिळाले. १८९५ साली बेल्जियममधील एका गावी अंत्यविधीसाठी आलेल्या वादकांनी तेथे हॅम खाल्ले. काही जण दगावले, आणि त्या दुर्घटनेच्या तपासातून या विषामागचा जंतू सापडला. त्याची बीजे उकळत्या पाण्यातही मरत नाहीत. त्याला हवा नसलेली जागा आवडते; म्हणजे नेमकी आपली घट्ट झाकणाची बरणी! आंबट पदार्थांत मात्र त्याची मात्रा चालत नाही, सामू ४.६ च्या खाली असला की तो वाढू शकत नाही. म्हणून कैरी, लिंबू, आवळा, बिंबळे यांच्या लोणच्या-मुरंब्यांत घरच्या गृहिणीने निर्धास्त असावे. पण मांस, मासळी, वाटाणा, मका किंवा फरसबी पाण्यात उकळून बाटलीत बंद करण्याचे साहस करू नये. त्यासाठी दाबाखाली सुमारे १२१ अंश सेल्सिअस उष्णता ठरावीक वेळ मिळावी लागते. दुसऱ्याला प्रेमाने द्यायची वस्तू आधी निर्धोक असली पाहिजे.

आता थोडे मूळ प्रश्नाकडे वळू. साठवण करणे हा उद्याच्या दिवसावरचा अविश्वास तर नव्हे? आमच्यासारख्या धर्मगुरूला हा प्रश्न टाळता येत नाही. कारण पवित्र शास्त्रात त्याची एकाहून अधिक उत्तरे आहेत. रानात इस्राएल लोकांना मान्ना मिळाला तेव्हा ज्यांनी तो उद्यासाठी राखून ठेवला त्यांच्या वाट्याचा किडून गेला. प्रभू येशूच्या दाखल्यातील श्रीमंत माणूस जुनी कोठारे पाडून मोठी बांधण्याचे मनसुबे रचतो आणि त्याच रात्री त्याचा प्राण जातो. मात्र त्याच शास्त्रात योसेफ आहे. सुकाळाच्या सात वर्षांत पिकाचा पाचवा भाग साठवून त्याने दुष्काळात मिसर देश जगवला, आणि ज्या भावांनी त्याला विकले होते तेही त्याच कोठारापाशी येऊन पोटभर जेवले. सहाव्या दिवशी गोळा केलेला दुप्पट मान्ना तर शब्बाथाच्या सकाळीही ताजाच राहिला. दाखल्यातील श्रीमंताच्या मनसुब्यात 'मी' आणि 'माझे' याखेरीज कुणीच नाही. योसेफाच्या कोठाराला मात्र दार होते आणि ते वेळेवर उघडले गेले. साठवण आणि साठेबाजी यांत आम्हांला दिसणारा भेद एवढाच आहे. आमच्या घरून सुकेळ्यांचे पुडे बाहेर का जात, याचे उत्तर आम्हांला असे बऱ्याच वर्षांनी मिळाले.

आमच्या सध्याच्या धर्मग्रामात निवासस्थानामागे थोडी मोकळी जागा आहे. तेथे दोन आंबे, एक लिंबू, एक बिंबळ्याचे झाड आणि कुंपणालगत करवंदीची जाळी आहे. बिंबळ्याचे झाड देताना हात आखडत नाही. त्याच्या खोडालाच घोसच्या घोस लगडतात, आणि ते एकाच वेळी पिकून गळू लागतात. पूर्वी अर्धी फळे मातीत जात. आता आम्ही ती उतरवतो, उभी चिरून मीठ लावतो, उन्हात मऊ करतो आणि मोहरी-मिरचीत घालतो. या कामाला सकाळच्या मिस्सानंतरचा दीड तास पुरतो. चाकूखाली फळ चिरले जात असताना मन विलक्षण निवांत होते. सभा, हिशेब, दुरुस्त्या, तक्रारी यांत दिवस कुठे गेला ते संध्याकाळी सांगता येत नाही. पण चिरलेली तीन परडी बिंबळे मात्र डोळ्यांपुढे असतात. हातून काहीतरी पुरते झाले, हे समाधान आजच्या जीवनात किती दुर्मीळ झाले आहे!

धर्मग्रामातील एक वृद्ध बाई सुरुवातीला आमच्या या उद्योगावर देखरेख करायला येत. आमची घाई पाहून एकदा त्या म्हणाल्या, "फादर, झाकण सारखं सारखं उघडून बघू नका हो. त्याला त्याचं काम करू द्या." अंथरुणाला खिळलेल्यांना कम्युनियन द्यायला जाताना आम्ही कधीकधी मिठात मुरलेल्या लिंबाची लहान बाटली सोबत नेतो. तापाने तोंडाची चव गेलेल्या माणसाला पेजेबरोबर त्यातली एक फोड पुरेशी असते. अशा वेळी त्याच्या चेहऱ्यावर उमटणारी तरतरी पाहिली की, परसातल्या त्या झाडाचे ऋण मान्य करावेसे वाटते.

मिठातल्या लिंबावरून आमच्या आईची आठवण निघणे अपरिहार्य आहे. २०१९ च्या पावसाळ्यात ती देवाघरी गेली. महिन्याच्या मिस्साला आम्ही सारी भावंडे घरी जमलो. जेवणाच्या वेळी वहिनींनी फडताळातून एक बरणी काढून मधोमध ठेवली. तिच्यावर कॅलेंडरचा तुकडा चिकटवलेला होता आणि त्यावर आईच्या अक्षरात साल लिहिलेले होते: २०१६. आत लिंबे, मुरून काळपट तपकिरी झालेली, खाराने चमकणारी. आईच्या हातची ही शेवटची बरणी. दादरा सोडायला कुणाचाच हात पुढे होईना. धाकटी बहीण म्हणाली, "ही राहू दे. तिच्या हातचं दुसरं काहीच उरलं नाही." मिठातले लिंबू वर्षानुवर्षे टिकते, तेव्हा तिची इच्छा काही अशक्य नव्हती. थोरल्या भावाचे म्हणणे वेगळे होते. "तिनं हे बघायला भरलेलं नाही." दोघांच्याही डोळ्यांत पाणी होते आणि दोघांचेही खरे होते. वहिनी आम्हांला घरातही 'फादर' म्हणतात. त्या म्हणाल्या, "फादर, तुम्हीच सांगा."

आमच्या मनात त्या क्षणी मान्नाच्या बरणीची गोष्ट आली. अहरोनाने बरणीभर मान्ना परमेश्वरासमोर ठेवला. पुढच्या पिढ्यांनी तो पाहावा, एवढ्याचसाठी. तो न खाता जपून ठेवावा लागला, कारण मान्ना करण्याची विद्या कोणत्याही माणसाच्या हातात नव्हती. जे पुन्हा घडवता येत नाही, ते जपावे. आईचे लिंबू तसे होते का? तिच्या शेजारी बसून लिंबे पुसली, चिरली, मीठ भरले, त्या तिच्या लेकी-सुना तर समोरच बसल्या होत्या. आम्ही बहिणीला विचारले, "तुला करता येतं ना?" ती म्हणाली, "येतं. पण तिच्यासारखं होणार नाही." आम्ही म्हणालो, "तिचंही तिच्या आईसारखं होत नसे. ती स्वतःच सांगायची."

बहिणीनेच दादरा सोडला. प्रत्येकाच्या ताटात एकेक फोड पडली, नातवंडांनाही मिळाली. कुणी फारसे बोलले नाही. उरलेली लिंबे बाटल्यांत वाटून ज्याच्या त्याच्या घरी गेली. रिकामी बरणी बहिणीने मागून घेतली, कडक उन्हात वाळवली आणि पुढच्या हंगामात आमच्या वाडीतल्याच लिंबांनी भरली. तिच्यावर तिने कागद चिकटवला आहे. त्यावर साल आहे, आणि अक्षर तिचे आहे.

साठवणीचे समाधान कशाचे, या प्रश्नाचे उत्तर आम्हांला त्या दिवशी गवसले असे वाटते. भरलेली बरणी पाहून होणारा आनंद खरा आहे. पण ती उघडली गेली, वाटली गेली आणि पुन्हा भरता आली, तर तो आनंद पुरा होतो. पुन्हा भरण्यासाठी तीन गोष्टी लागतात: पीक देणारी जमीन, येणारे हात आणि शेजारी बसून पाहणारे मूल.

यांतले काय काय आज आपल्याजवळ उरले आहे, याचा विचार केला की जीव कासावीस होतो. वसईच्या वाड्या पाहता पाहता इमारतींखाली गेल्या. २००९ साली येथे महानगरपालिका आली; शहर त्याआधीच येऊन ठेपले होते. बावखले बुजली, अनेक विहिरींचे पाणी मचूळ झाले. वसई हिरवी राहावी म्हणून फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठा लढा दिला. २०२४ साली फादर आपल्यातून गेले. राजेळीची लागवड करणारे बागायतदार आता थोडे उरले आहेत, आणि सुकेळी करणारी घरे त्याहून थोडी. लेकरे आखातात, कॅनडात, ऑस्ट्रेलियात. त्यांच्या सामानात आई अजूनही बाटली मसाला आणि लोणचे कोंबते. पण ते करायचे कसे, हे लिहून घ्यायला कुणाला सवड नसते. सुकेळ्यांचा एखादा पुडा काचेच्या कपाटात मान्नासारखा जपून ठेवण्याची पाळी आपल्यावर येऊ नये. ज्या दिवशी तशी पाळी येईल, त्या दिवशी सुकेळी संपली असे समजावे, मग कपाटात पुडा असो वा नसो.

वाचकहो, प्रत्येकाकडे वाडी नाही, हे आम्हांला ठाऊक आहे. पण गच्चीवरच्या कुंडीत लिंबाचे झाड लागते, शेजाऱ्याच्या परसातला बिंबळा दरवर्षी मातीत गळून जातो, आणि गावाकडच्या आंब्याखाली वादळवाऱ्याने पडलेल्या कैऱ्या कुणी उचलत नाही. येत्या वैशाखात त्यांतल्या थोड्या घरी आणाव्यात. घरात मुरलेले एखादे माणूस असेल तर त्याला विचारावे. तो जे सांगेल ते वहीत उतरवून घ्यावे, मिठाच्या मापासकट. एक लहानशी बरणी भरावी आणि ती कुणासाठी भरली ते मनाशी ठरवावे. भरताना एखादे मूल जवळ बसवावे. त्याला चिरता-भरता येत नसेल तर काठीला फडके बांधून द्यावे. त्याने कावळे हाकले तरी पुष्कळ झाले.